तेम्फुवाच्या रस्त्याची डागडुजी

हेमकुमारी थेबे आमच्या रस्ता कार्यालयात इंजिनियर होती. एखादा रस्ता बांधायचा ठरला, की पुढं कितीतरी वर्षं त्याच्या डागडुजीला काय लागेल, याचा अंदाज तिनं द्यायचा. गटारं उपसणं, मोऱ्या मोकळ्या करणं, पावसाळ्यात दरडी हटवणं, सगळं त्यात धरायचं. मी तिच्याबरोबर मोजणीला जायचो.

तमोर नदीच्या वरच्या अंगाला तेम्फुवा, तिचं आजोळ. तिथं व्हायच्या रस्त्याचा अंदाज तिनं खरा दिला. डोंगर भुसभुशीत, त्यामुळे डागडुजीचा खर्च हाताबाहेर गेला आणि काठमांडूहून उत्तर आलं, हा रस्ता परवडत नाही. त्याच पावसाळ्यात तिच्या मामाची सून बाळंतपणात अडली. माणसांनी तिला डोलीत घालून खाली आणायला घेतलं, पण ती वाटेतच गेली.

हेमकुमारी दुखवट्याला गेली. नरध्वजमामा म्हणाला, "पोरी, आकडा जरा कमी लिहिला असतास, तर तुझा हात झडला असता का गं?"

पुढं तो रस्ता पुन्हा विचारात आला. आमचे हाकिमसाहेब तिला म्हणाले, रस्ता तर होऊ दे, डागडुजीचं मागाहून बघू. या वेळी तिनं गटारांचा खर्च निम्म्यावर आणला, दरडींचा जवळजवळ काढूनच टाकला, आणि सही केली. आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं.

रस्ता झाला. गावानं तिच्या गळ्यात हार घातले, नाचणीची गरम दारू, तोंगबा, पाजली. जीपगाड्या सुरू झाल्या, तशी मामानं पायवाटेनं माल वाहायची खेचरं विकली. जुनी पायवाट रस्ता खोदतानाच दोन ठिकाणी तुटली होती. उरलेली झाडोऱ्यात गेली.

डागडुजीला पैसे आले ते तिनं लिहिले होते तेवढेच. गटारं तुंबली, पाणी रस्त्यावरून वाहू लागलं आणि एका पावसाळ्यात सबंध वळण खाली नदीत गेलं. तिनं जादा पैसे मागितले. वरून कळवलं, तुमच्याच अंदाजात हा खर्च नाही.

आम्ही पाहायला गेलो. कोसळलेल्या कड्याच्या पलीकडे मामा उभा होता. ओरडूनच बोलावं लागत होतं.

"पुन्हा होईल का गं?"

"नाही मामा."

"मग जुनी वाट तरी?"

"तीही नाही."

"मिठाची पिशवी आणायलासुद्धा आता दिवस जातो," तो म्हणाला, आणि वळून चालू लागला. तिनं हाक मारली, पण तो थांबला नाही.

त्या हिवाळ्यात निम्मं तेम्फुवा खाली झापाच्या सपाटीला उतरलं. मामाही गेला. तिकडं तो लेकीच्या दारात बसून असतो, असं कळलं. हेमकुमारी अजून आमच्याच कार्यालयात आहे. आता तिच्या टेबलावर दुसऱ्या एका वाडीचा रस्ता आहे. तिथली माणसं रोज येऊन बाकावर बसतात. अंदाज झाला का, म्हणून विचारतात. ती म्हणते, अजून नाही.