पुण्याच्या वेशीवर अडकलेली जीप

पहाटेच बदनापूर सोडलं. मागच्या बाकावर माझी नणंद यमुना. तिचा एक डोळा मोतीबिंदूने गेल्यातच जमा होता. बारापर्यंत पुण्याच्या दवाखान्यात पोचलो नाही, तर नंबर थेट दिवाळीनंतर.

जीप माझा दीर भगवान चालवत होता. विहिरीवरच्या इंजिनाला करतो तेच त्याने जीपलाही केलं होतं, जास्त डिझेल जावं म्हणून पंपाचा स्क्रू वाढवला होता. धूर काळा म्हणजे इंजिन जोरात, असं वावरात (शेतात) सगळेच धरून चालतात. खोटं कशाला बोलू, मीही धरत होते.

नगरला भजी खाल्ली. तेलकट.

वाघोलीला हवालदाराने जीप अडवली. भगवानने धुराचा दाखला ऐटीत काढला.

"कागद ठीक आहे," हवालदार म्हणाला. "पण मागे डांबर पेटवलंय का? हा दाखला गाडी चालू न करताच मिळाला ना?"

खरंच, दाखला चहा पिता पिता मिळाला होता.

शेजारच्या पेट्रोल पंपावर मशीनवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि नकारार्थी मान हलवली. "मावशी, इथे नियम कडक आहेत. डिझेलसुद्धा साफ येतं, मोठ्या शहरांना आधी. तुमच्याकडे यायला वेळ लागेल."

"मंग आमची फुप्फुसं काय लोखंडाची हायेत?" मी विचारलं.

तो नळी गुंडाळत बसला. अकरा वाजून गेले होते. स्क्रू कमी केल्याशिवाय जीप सुटणार नव्हती, आणि भगवान पाना हातात घेऊन नुसता उभा.

"वहिनी, चढाला दम तुटंल तिचा."

"भाऊजी, बहिणीचा डोळा जाऊन राह्यला अन् तुम्हाला चढ सुचतो."

मागून यमुना म्हणाली, "कमी कर दादा. मला चढ काय अन् सपाटी काय, सारखंच."

स्क्रू कमी झाला, जीप पास झाली. बाराला दहा मिनिटं असताना आम्ही दवाखान्यात शिरलो. ऑपरेशन झालं.

परतताना शिरूरच्या पुढे भगवानने जीप थांबवून पुन्हा पाना काढला. "इथं कोण तपासतंय?"

यमुना काळा चष्मा लावून खाली उतरली. "डॉक्टरनं धूर बिलकुल वर्ज्य केलाय मला. वाढव तू स्क्रू, मी एसटीनं येते."

त्याने पाना ठेवला. गाडी रखडत घरी आली.

यमुना आमच्याकडे महिनाभर राहिली. ती सासरी गेली त्याच दिवशी जीप पुन्हा काळा धूर ओकायला लागली. पुण्याला मशीन आहे, हवालदार आहे, साफ डिझेल आहे. आम्ही ऑपरेशन झालेली नणंद किती दिवस ठेवून घ्यायची?