सोंग घेतलेला ढीग

"निजूक नाय हां अजून!" असं म्हणत बाई बाटलीच्या काचेवर टिचकी मारायच्या. बाटलीत कचरा असायचा. तुमचा-आमचाच, शेडमध्ये पाणी आणि हवा देऊन काही आठवडे कुजवलेला. भरावात पुरण्याआधी तो पुरता कुजलाय की नाही हे ठरवणं बाईंचं काम.

मुलुंडच्या बाजूला असलेल्या त्या प्रकल्पात मी शेड सांभाळायचो आणि बाई प्रयोगशाळा. बाई राहायला भांडुपला, गाव मालवणकडचं. माणसांशी चांगलं छापील मराठी बोलणाऱ्या बाई कचऱ्याशी मात्र मालवणीत बोलत. डब्याबरोबर सोलकढीची बाटली आणत आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवत, ‘नमुना नाही’. आम्ही हसायचो, पण ती चिठ्ठी वाचल्याशिवाय कुणी त्या बाटलीला हात लावत नसे.

त्यांची परीक्षा साधी होती. कचऱ्यातले जंतू खात असतात तोवर बंद बाटलीतला प्राणवायू ओढत राहतात, आणि झाकणावरचं यंत्र ते मोजतं. चार दिवसांत ओढ कमीच राहिली, तर कचरा निजला. नाहीतर परत शेडमध्ये. अर्धवट कुजलेला पुरला तर तो जमिनीखाली तापतो, गॅस सोडतो, कधी पेटतोही. आमच्या भरावाच्या उताराखाली वस्ती होती.

"मॅडम, किती लाड करता त्याचे!" प्रकल्पाचे साहेब चिडवायचे.

"पोर झोपल्याशिवाय दार लावून बाहेर जाता का तुम्ही?" बाई विचारायच्या. साहेबांना जुळी मुलं होती, ते हसून निघून जायचे.

एका मे महिन्यात पाणीकपात आली. शेडमधले फवारे बंद, हवेचे पंखे मात्र चालू. थोड्याच दिवसांत एक मोठा ढीग गार पडला, वासही गेला. बाटलीतली ओढ नावापुरती. साहेब खूश झाले. शेड भरून गेली होती, नव्या कचऱ्याच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या.

बाईंचं मात्र समाधान होईना. त्या शेडमध्ये आल्या, ढिगात हात घातला आणि मूठ दाबली. बोटांतून नुसती धूळ गळाली.

"सोंग घेतलंय रे ह्याने," त्या मला म्हणाल्या. "सुकलाय तो. पाणी मिळालं की उठेल."

त्यांनी तोच नमुना ओला करून पुन्हा बाटलीत भरला. दुसऱ्याच दिवशी आकडा चढायला लागला.

साहेब प्रयोगशाळेत आले तेव्हा मी तिथेच होतो. "पहिला रिपोर्ट चांगला आलाय ना? मग तोच पाठवा ना. वाट लागलीय शेडची."

"तो सुक्याचा आहे, साहेब. जमिनीखाली तो सुका राहणार आहे का? पावसात उठला तर त्याला थोपटायला तुम्ही जाणार की मी?"

"मॅडम, तुमचा करार वाढवायचा कागद याच महिन्यात माझ्या टेबलावर येतोय."

साहेब तसे वाईट नव्हते, त्यांच्यावरही वरून दाब होता. बाईंच्या मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी दुसऱ्या बाटलीचा अहवाल पाठवून दिला.

ढीग शेडमध्येच राहिला. करार पुढे सरकला नाही. मी साहेबांना कारण विचारलं, ते "धोरण" म्हणाले. बाईंनी जाताना सगळ्या बाटल्या घासून उपड्या घातल्या आणि मला बजावलं, "पाणी मार हां त्याच्यावर. मधूनमधून उलटव."

मी ते केलं. ढीग वाफाळला, पुन्हा वास सुटला, साहेबांनी मला दोन-चार वेळा झापलं. नवे केमिस्ट आले, त्यांनी ओल्या नमुन्याची बाटली लावली, आणि पावसाळा सरल्यावर एकदाचा तो कचरा पास झाला.

गाड्या भरावावर रिकाम्या झाल्या त्या दुपारी मी तिथे उभा होतो. ना वाफ, ना वास. वर घारी फिरत होत्या, त्यातली एकही खाली उतरली नाही. उताराखाली वस्तीतली एक म्हातारी दारात गोधडी वाळत घालत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही. तिथे काहीच झालं नाही. ते बघायला बाई हव्या होत्या, असं मला फार वाटलं.