घटाच्या गोळ्या

नवरात्र जवळ आलं की घोडेगावच्या मेडिकलमध्ये बायकांना फार बोलावं लागत नाही. "घटाच्या गोळ्या द्या," एवढं म्हटलं की पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्यांची पट्टी कागदात गुंडाळून हातात येते. घट बसवणारी बाई नऊ दिवसांत बाहेरची झाली तर घटाला पाणी कोण घालणार, हा आमच्या शिनोलीत दरवर्षीचा प्रश्न आहे आणि दरवर्षीचं उत्तर ही पट्टी.

आईचे गुडघे गेल्यापासून आमचा घट वहिनी बसवते. मी त्या वर्षी पुण्यातलं शिक्षण संपवून घरी आले होते. इंग्रजी शाळेत या विषयाचा धडा मी आकृत्यांसकट पाठ केला होता, पण पाळी हा शब्द घरात मोठ्याने उच्चारल्याचं मला आठवत नाही. वहिनी आणि शेजारच्या काकू मात्र ओट्यावर भाजी निवडता निवडता सगळं बोलायच्या. मी फक्त ऐकायचे.

वहिनीला दोन मुली. दोन्ही वेळा सिझर झालं. धाकटीच्या वेळी मंचरच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, की आतली शिवण फार नाजूक झाली आहे, एवढ्यात पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल. म्हणून वहिनी रोज रात्री सरकारी पाकिटातली गोळी घ्यायची. आरोग्य केंद्राच्या आशाताई पाकीट आणून द्यायच्या आणि ते पिठाच्या डब्यामागे असायचं. आईला माहीत होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही, पण पीठही स्वतः काढायची नाही.

घटाच्या गोळ्या आल्या तेव्हा वहिनीने ते पाकीट अर्ध्यावर थांबवलं.

"दोन-दोन गोळ्या एका वेळी? लई गरम पडतात गं," काकू म्हणाल्या. "एकच घे."

"मंग राहिलं म्हंजे?" वहिनीने विचारलं.

"पाळीच बंद, तर राहतंय कुठनं? दाराला कुलूप घातल्यावर पावणं आत येतंय व्हय?"

दोघी खूप हसल्या. आमच्याकडे सगळ्याच बायका असा हिशेब करतात आणि तो ऐकायला चुकीचा वाटतही नाही.

दसऱ्याला घट उठला. वहिनीने गोळ्या थांबवल्या. आता पाळी आली की नवीन पाकीट सुरू करायचं, असं तिने ठरवलं होतं. दोन-चार दिवसांनी नुसता डाग दिसला. ती काही पाळी नव्हे म्हणून ती खऱ्या पाळीची वाट बघत राहिली, आणि वाट बघायच्या त्या दिवसांत ती कुठलीच गोळी घेत नव्हती. दिवाळी झाली. काकू म्हणाल्या, "माझी बी लई लांबली व्हती त्या गोळ्यांनी. येती आपोआप." भातकापणीत वहिनीला मळमळायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी पित्ताला दोष दिला.

एका सकाळी ती मला म्हणाली, "ताई, मंचरला चालल्यात ना तुमी? ती तपासायची पट्टी आणा. हितं घोडेगावात मी मागितली तर संध्याकाळपर्यंत गावाला कळंल."

मी ओढणी डोक्यावर घेऊन मंचरच्या दुकानात उभी राहिले. दुकानदाराने माझ्या गळ्याकडे पाहिलं. मंगळसूत्र नव्हतं. त्याने ती पट्टी काउंटरवर सरकवली, कागदात गुंडाळली नाही.

पट्टीवर दोन रेघा आल्या. दुसऱ्याच दिवशी दादा, वहिनी आणि मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली. मग त्यांनी सांगितलं, की गर्भ जुन्या सिझरच्या शिवणीवरच रुजला आहे. तो तिथे वाढू शकत नाही, वाढला तर पिशवी फाटेल. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन लवकरात लवकर काढावा लागेल.

"पण मी घटाच्या गोळ्या घेत व्हते," वहिनी म्हणाली.

"त्या पाळी थांबवतात. त्यांच्या भरवशावर राहायचं नसतं. आणि थांबवल्यावर तर काहीच आड नव्हतं." त्या रिपोर्ट लिहू लागल्या. "तुझ्या रोजच्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या संपल्यावर रंगीत सोडून पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या लगेच सुरू करायच्या. पाळीही पुढे गेली असती आणि हे झालं नसतं. विचारायचं तरी."

वहिनीने मान हलवली.

घरी आईने ऐकून घेतलं आणि देव्हाऱ्याकडे हात जोडले. "नऊ दिवस पाणी घातलंय तिनं. दोन पोरींवर देवीनं दिलंय. ते काढायचं व्हय?"

"आई, तिच्या जिवाला धोका आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"डॉक्टर भ्या घालत्यात. माझ्या येळंला कोण व्हतं सोनोग्राफीवालं?"

दादा म्हणाला, "भात झोडून झालं की जाऊ." मी त्याला सांगितलं, की डॉक्टरबाई म्हणाल्यात सही फक्त वहिनीची लागते. तो म्हणाला, "सही तिची लागंल गं, पण न्यायचं मलाच हाय ना."

वहिनी त्याच्याकडे बघत होती. थोड्या वेळाने उठून ती भाकरी थापायला बसली.

खळ्यात झोडणी चालू असतानाच ती खाली बसली. साडीवर रक्त दिसायच्या आधीच तिचा चेहरा पांढरा पडला होता. मंचरपर्यंत जीपने आणि पुढे अँब्युलन्सने नेलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती एकसारखं धाकटीचं नाव घेत होती. राजगुरुनगरच्या पुढे तेही थांबलं.

ती वाचली. गर्भपिशवी काढावी लागली. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं आणि दादा रक्तपेढीच्या बाहेर भिंतीला टेकून रडत होता. मला त्याची कीव आली नाही, हे लिहायला अवघड जातं.

चार दिवसांनी गावाकडची माणसं वॉर्डात भेटायला आली. आई खाटेच्या पायथ्याशी बसून पदराने डोळे पुसत सांगत होती, "पोरगा व्हता गं. पोरगा गेला माझा."

एवढ्या कोवळ्या गर्भात ते कोणालाच कळणं शक्य नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी वाकले.

ती हसत होती. आवाज न करता, ओठ घट्ट मिटून.

"ताई," ती कसंबसं म्हणाली, "आईस्नी भाईर न्या. हसलं का टाकं वढतात."