हेक्टरने खाल्लेला शिरा

धैर्यशील जगदाळे हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर घोड्यावर बसलेला माणूस येतो. आमचे दादा मात्र स्वतःच्याच घरात धुण्याची बास्केट पुढे धरून चालायचे. बास्केटमध्ये कपडे असतीलच असं नाही. ती ढाल होती, आणि शत्रू सोफ्यापाशी पसरलेला असायचा.

शत्रूचं नाव हेक्टर. चौतीस किलो, अर्धा लॅब्रेडोर आणि अर्धा हंटअवे, म्हणजे मेंढरांना नुसतं भुंकून हाकणारी इथली जात. दादांच्या दहा वर्षांच्या मुलीने, श्रियाने, हट्ट करून त्याला शेल्टरमधून आणलं. तो नीलांबरीवहिनींच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पळवायचा, त्याही फक्त डाव्या पायाच्या. नाकाने सरकता दरवाजा उघडायचा, पण बंद करायला कधी शिकला नाही. कुणावर माया आली की त्याच्या पायांना सगळं अंग टेकून उभा राहायचा. बाकीचे याला लाड म्हणत, दादा दाबणं म्हणत.

दादांचं भय उगीच नव्हतं. लहानपणी साताऱ्यात कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्या चौदांचा हिशोब त्यांच्या मनात अजून मिटला नव्हता. हेक्टरशी ते 'अहो'ने बोलायचे. "अहो, जरा बाजूला होता का? मला चहा करायचाय." हेक्टर व्हायचा नाही. मग दादा चहा प्यायचे नाहीत.

मी शिकायला इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थमध्ये आलो आणि त्यांच्याकडे भाड्याने राहतो. दादा हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहेत. औषधाची बाटली तीनदा वाचल्याशिवाय खाली न ठेवणारा माणूस. खोकल्याचं औषध मागितलं तरी आधी माझं वजन विचारणार.

त्या रविवारी घरी सत्यनारायण झाला. आरतीत हेक्टरने घंटेच्या वरताण सूर लावला. वहिनींनी सव्वा किलोचा शिरा केला होता. सोमवारी सकाळी श्रिया चार दिवसांच्या शाळेच्या कॅम्पला गेली, वहिनी वॉर्डात ड्यूटीला गेल्या, आणि आवराआवरीसाठी रजा घेतलेले दादा शिऱ्याचं उरलेलं पातेलं घेऊन ओट्यापाशी उभे राहिले.

"प्रसाद बिनमध्ये टाकायचा नाही," ते म्हणाले. "गाईला घालतात."

"मग घाला की. गावाच्या चारी बाजूंना गाईच आहेत."

"मागच्या वर्षी गेलो होतो."

ती हकिकत मला ठाऊक होती. कुंपणाच्या तारेत करंट होता, हे दादांना तारेला हात लावल्यावर कळलं होतं. त्यात भर म्हणून चारचाकी क्वाड बाइकवरून शेतकरी आला आणि डब्यात काय आहे, हे अतिशय नम्रपणे विचारू लागला. नैवेद्याला इंग्रजी शब्द सापडेपर्यंत गाय निघून गेली होती.

मी माझ्या खोलीत अभ्यासाला बसलो. थोड्या वेळाने दादांची हाक आली. आवाजात आनंद होता, तो मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकलाय.

"रणजित, इकडे ये. त्यांनी माझ्या हातून खाल्लं."

स्वयंपाकघरात दादा जमिनीवर बसले होते. बास्केट कुठेच नव्हती. पातेलं रिकामं, दादांची बोटं तुपकट, आणि हेक्टर त्यांच्याकडे सत्यनारायणच समोर बसलाय अशा नजरेने बघत होता.

"दातसुद्धा लागला नाही रे. ओठांनी उचलून घेतात."

मला बरं वाटलं. ते वाटणं टिकलं नाही, कारण माझं लक्ष फ्रिजकडे गेलं.

"दादा, श्रियाने लावलेली यादी वाचलीत का?"

हेक्टरला काय द्यायचं नाही याची ती यादी होती. मुलीचं अक्षर म्हणून दादांनी कौतुकाने बघितली होती, वाचली नव्हती. तिसऱ्या ओळीत लाल स्केचपेनने लिहिलं होतं: द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत. पुढे कवटी काढली होती, खाली दोन हाडं. हाडं तेवढी हेक्टरला चालली असती.

दादांनी यादी तीनदा वाचली. मग पातेल्यात बघितलं. तळाला एक बेदाणा चिकटला होता, तुपात फुगून मण्याएवढा झालेला.

दादांनी व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या, दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या बाईंनी तीन गोष्टी विचारल्या: कुत्र्याचं वजन, खाऊन किती वेळ झाला, बेदाणे किती. पहिल्या दोन्हींची उत्तरं दादांनी तोंडपाठ दिली. तिसऱ्यासाठी वहिनींना फोन लावला. त्यांनी बऱ्याच रिंगांनंतर उचलला.

"शिऱ्यात बेदाणे किती घातले होतेस?"

"मूठभर."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

"मूठ म्हणजे मूठ, अरे. हे विचारायला मला वॉर्डातून बाहेर बोलावलंस? तुला ॲसिडिटी झालीय का?"

"नाही. नंतर सांगतो," दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी मी चालवली. कुणीतरी हेक्टरला धरून मागे बसायला हवं होतं, आणि घरात आम्ही दोघंच होतो. दादांनी एकदा मागच्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आत शिरले. हेक्टरला वाटलं, बीचवर चाललोय. पहिल्याच राउंडअबाउटला तो तोल जाऊन दादांच्या मांडीवर पडला आणि तिथंच बरं आहे असं ठरवून राहिला.

"हळू घे," दादा म्हणाले. मग लगेच, "नको, जोरात घे."

आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. रंग गेलेला. हात मात्र कुत्र्याच्या छातीवर घट्ट.

"रणजित, हा थरथरतोय."

"तो नाही दादा. तुम्ही थरथरताय."

सिग्नलला थांबलो तेव्हा मागून पुटपुटणं ऐकू आलं. "काही होत नाही रे बाळा. आलंच हं. काही होत नाही." अहो-जाहो कुठल्यातरी वळणावर गळून पडलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गमबूट घातले होते. सकाळीच कुठल्यातरी गोठ्यातून आल्या असाव्यात. त्यांनी हेक्टरला उलटी होण्याचं इंजेक्शन दिलं. चार मिनिटांत सव्वा किलोतला हेक्टरच्या वाटचा प्रसाद स्टीलच्या ट्रेमध्ये परत आला. दवाखानाभर वेलदोड्याचा वास सुटला.

दादांनी हातमोजे मागून घेतले आणि चिमट्याने बेदाणे एका बाजूला ओढायला लागले. त्रेचाळीस निघाले. किती पैकी त्रेचाळीस, हे सांगणारं कुणी नव्हतं.

"किलोमागे किती चालतात?" दादांनी विचारलं.

"ते नक्की कुणालाच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "एखादा कुत्रा वाटीभर खाऊन मजेत असतो. एखाद्याची थोड्याशाने किडनी जाते. तीन दिवस सलाईन आणि रोज रक्त तपासू."

दादा खुर्चीत बसले. ज्या माणसाचं सगळं आयुष्य किलोमागे किती यावर उभं आहे, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इथं आकडाच नाही. इतका घाबरलेला माणूस मी जवळून बघितला नव्हता. हेक्टरला आत नेताना तो मागे वळून बघत होता, आणि दादा भिंतीकडे.

संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या. "मला फोनवरच का नाही सांगितलंस? टाकायचा नाही म्हणून त्या मुक्या जीवाला?" मग ओट्यापाशी जाऊन बराच वेळ तेच पातेलं घासत राहिल्या. "मी असते तर मीही दिला असता," त्या शेवटी म्हणाल्या. "मलाही कुठे माहीत होतं."

कॅम्पवर फोनला परवानगी नव्हती, त्यामुळे श्रियाला कळवायचा प्रश्न नव्हता. प्रश्न गुरुवारचा होता. गुरुवारी ती परत येणार, आणि बसमधून उतरताच आधी हेक्टर विचारणार.

मंगळवारी किडनीचा आकडा थोडा चढला. फार नाही, पण चढला. दादा जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात जाऊन पिंजऱ्यासमोर उभे राहायचे, दोन हात अंतर ठेवून. त्या रात्री ते जेवले नाहीत. "तिला काय सांगू?" एवढंच एकदा म्हणाले. मी काहीतरी चेष्टा करून त्यांना हसवीन म्हटलं होतं. जमलं नाही. सोफ्यापाशी कुणी आडवं नव्हतं आणि दोघंही सवयीने तिथून वळसा घालून जात होतो.

बुधवारी आकडा खाली आला. गुरुवारी सकाळी आणखी खाली, जिथे असायला हवा तिथे. दादांनी रिपोर्टचा कागद छापून मागितला आणि सही करण्याआधी तो तीनदा वाचला. रिसेप्शनवरच्या मुलीने तोवर पेन धरून ठेवलं.

तिथून हेक्टरला घेऊन आम्ही थेट शाळेत गेलो. वाटेत मी म्हणालो, "दादा, बरा झालाय. आता सांगायचं कशाला?"

"कारण मी केलं."

श्रिया मातीने माखलेली, बॅग ओढत आली आणि मागच्या सीटवर हेक्टरच्या गळ्यात पडली. त्याच्या पुढच्या पायावर केस कापलेला चौकोन होता. तिचा हात त्यावर थांबला. दादांनी गाडी सुरू केली नाही. मागे वळले आणि सगळं सांगितलं: शिरा, बेदाणे, न वाचलेली यादी, तीन दिवस. मराठीत, सावकाश, एकही गोष्ट न गाळता.

ती ऐकत होती. डोळे भरले, पण रडली नाही. त्याचे ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघितला. पोटावरून हात फिरवला.

"यू फेड हिम बाय हँड?" तिने विचारलं.

"हो."

"युअर ओन हँड?"

"हो गं."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. दादांनी गाडी काढली. हेक्टरने मागून हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली. दादांची मान ताठ झाली, पण खांदा त्यांनी हलवला नाही.

"डोन्ट एव्हर डू दॅट अगेन, बाबा," श्रिया म्हणाली.

"नाही करणार."

कोपऱ्यावरची डेअरी मागे गेली, पेट्रोलपंप गेला.

"द शिरा, आय मीन," ती म्हणाली.