ढ कुठं मिळतो

लग्नपत्रिका कापणं सोपं नसतं. कागद जाड, वर सोनेरी थर, कात्री घसरते. त्यापेक्षा क्लासची हँडबिलं बरी. राजारामपुरीत चालताना कुणीतरी हातात कोंबतंच. कागद पातळ आणि अक्षर ठसठशीत. चहाच्या पुड्यावरचं अक्षर चांगलं, पण कागद गुळगुळीत, खळ धरत नाही. हे सगळं मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं, आणि कळून फारसा उपयोग झाला नाही.

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, समजत होतं, तोंडातून मात्र नुसतं 'अं' यायचं. डाव्या हातात पेन दिलं तर कागदावर कोंबडी चालून गेल्यासारख्या रेघा उठल्या. दोनदा करून बघितलं आणि पेन फेकून दिलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्यांनी चित्रांची कार्डं आणून दिली. पाणी, जेवण, संडास, पंखा, झोप. हवं असेल त्यावर बोट ठेवायचं. माणसाला एवढंच लागतं असं ती कार्डं करणाऱ्याला वाटलं असणार.

मालक छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, हे काम त्यांनी छापखाना बंद पडेपर्यंत केलं. खोलीत रद्दी पडली होती, त्यातली एक पत्रिका त्यांनी एके दिवशी डाव्या हातानं ओढली, एका अक्षरावर बोट ठेवलं आणि दोन बोटांची कात्री करून मला दाखवली. मी ते अक्षर कापून दिलं. मग दुसरं. मग तिसरं. संध्याकाळपर्यंत पुढ्यात ढीग झाला.

त्यावरून आमची रोज भांडणं. मी 'का' कापून दिला की काना वेगळा करायला लावायचे. 'ती' दिली की वेलांटीचा काना वेगळा. जोडलेलं अक्षर तोडायचं कशाला, असं मी विचारायची. ते मूठ आपटायचे. शेवटी मी नुसत्या कान्यांची एक काडेपेटी भरली. त्यांनी अक्षरं साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडायची, मी मागून खळ लावून द्यायची, ते परत जागेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचे. लाल, काळी, सोनेरी, लहान, मोठी, सगळी मिसळ. पण ओळ सुतात. पट्टी लावून बघितली तरी केसाचा फरक नाही.

मी त्यांच्यासमोर बसून वाचायची. चौथी शिकले आहे, बोट ठेवून वाचते. काहीच लागायचं नाही. एकदा ओळीच्या सुरुवातीलाच वेलांटीचा काना होता. काना कधी पहिला येतो का? नीट बघावं म्हणून मी पुठ्ठा फिरवला तर त्यांनी हिसकावून पहिल्यासारखा ठेवला. मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झालाय, चालू दे. अशा पाच-सहा पुठ्ठ्यांनी मी बंब पेटवला.

याच सुमारास त्यांचं जेवण सुटलं. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी दोन घास, मग ताट ढकलायचं. गरम लापशी तोंडाशी नेली की मान फिरवायची. गालाला हात लावून बसायचे. व्यायाम करून घेणारा म्हणाला, तोंड वाकडं झालंय, बधिर वाटतं म्हणून हात लावतात. बाई म्हणाल्या, निराश झालेत. मुलगा म्हणाला, हट्टीपणा. मीही तेच म्हणत होते. अंग असं उतरलं की अंघोळ घालताना बरगड्या हाताला लागायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

त्यात त्या ढ चं झालं. पेपरात आमच्याकडं रोज कुणातरी पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, अर्धं पान फोटो आणि वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. मालक रोज त्यातल्या ढ वर बोट ठेवायचे. मी कापून द्यायची. दुसऱ्या दिवशी परत ढ. आता लग्न झाल्यापासून हे मला 'ढ' म्हणत आलेले. हिशेब चुकला की ढ, दुकानाची पाटी वाचायला वेळ लागला की ढ. मला वाटलं, वाचा गेली तरी खोड जात नाही. मी नळीच्या काळजीनं अर्धी झालेय आणि हा माणूस पेपरातून शोधून मला ढ म्हणतोय. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. घास भरवला, अंग पुसलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या दोन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं, पण वाटून काय करायचं.

नात चित्रकलेच्या कॉलेजला आहे. शिकली इंग्रजी शाळेत, मराठी अक्षर तिला नक्षीसारखंच दिसतं. तिनं एक पुठ्ठा बंबात जाता जाता वाचवला. याला कोलाज म्हणतात, आज्जी, किती भारी केलंय बघ, असं म्हणाली. फोटो काढून फोनवर टाकला. शेकडो लोकांना आवडला. तिच्या कॉलेजच्या सरांनी लिहिलं की अक्षरांना अर्थातून मोकळं केलंय. तिनं तो फ्रेम करून आणला आणि पलंगासमोर भिंतीवर लावला. मालकांनी त्याच्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. नात म्हणाली, आजोबा खूश झाले.

सोमवार तीन दिवसांवर असताना कबनूरहून त्यांच्या छापखान्यातले जोडीदार भेटायला आले. दोघं शेजारी शेजारी उभं राहून खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडल्यावर हे गृहस्थ यंत्रमागावर कामाला गेले, त्या आवाजानं आता कान गेलेत, म्हणून मोठ्यानं बोलतात. दारातूनच म्हणाले, "काय फोरमन, पडून पगार खायलास व्हय?" मालक हसले. लकव्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, अर्ध्या तोंडानं.

चहा घेताना त्यांचं लक्ष भिंतीकडं गेलं. कप खाली ठेवला.

"वैनी, हे उलटं टांगलंय."

नात म्हणाली, "नाही हो आजोबा. अक्षरं सरळ आहेत की."

"अक्षरं सरळ हायत म्हणून तर उलटं हाय."

त्यांनी फ्रेम काढली, डोकं खाली पाय वर अशी फिरवली आणि मांडीवर घेतली. आता सगळी अक्षरं उलटी झाली. त्या उलट्या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडं त्यांचं बोट फिरलं. द, काना, ढ. मग दु, ख, त आणि वेलांटीचा काना. बोट शेवटाला जाऊन थांबलं.

"दाढ दुखती," ते म्हणाले. मग मालकांकडं बघून हळू म्हणाले, "दाढ दुखती व्हय रं तुझी?"

मालकांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हलवतच राहिले.

कंपोझिटरच्या हातातल्या पट्टीत खिळे उलटे लागतात, डोकं खाली, पण ओळ डावीकडूनच चालते. वाचायचंही तसंच. काना वेगळा खिळा असतो, तो वेगळाच उचलायचा. हे त्या गृहस्थांनी मला नंतर समजावलं. मालकांनी आयुष्यभर जसं केलं तसंच केलं होतं. समोर बसून मला अक्षरं सरळ दिसायची आणि ओळ शेवटाकडून. फ्रेमसुद्धा आम्ही तशीच लावली होती. त्यांचं दुखणं त्यांच्याच समोर टांगून वर त्याचं कौतुक केलं.

मी बॅटरी आणली आणि त्यांचं तोंड उघडलं. डावीकडची शेवटची दाढ काळी, हिरडी पिकलेली. वास आला. रोज तीन वेळा मी या तोंडात चमचा घालत होते.

बरं, लगेच काढता आली असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दातांचे डॉक्टर म्हणाले चार दिवस थांबा. नळीचा सोमवारही मग तेवढाच पुढं ढकलला. आधी माहीत नव्हतं तेव्हा मी रागावू तरी शकत होते. ते चार दिवस नुसतं बघत बसले. मिठाचं पाणी, गोळी, आणि मालक भिंतीकडं तोंड करून. नात कोपऱ्यात रडत होती, तिला मी म्हटलं रडून दाढ पडत नाही, जा आणि पेज कर.

दाढ काढली. तिसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला, वर ताट पुढं केलं. नळी टळली. फोनवरचा फोटो नातीनं काढून टाकला.

त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसायला लागले आणि उलटी अक्षरं वाचायला शिकले. सवयीनं येतं. पण आता ते ओळ लावत नाहीत. मी कापून दिलेली अक्षरं घेतात आणि ढीग करतात. क क एका जागी, म म एका जागी, काने वेगळे. खळ लावू देत नाहीत. महिना झाला तरी तेच, म्हणून मी जोडीदाराला कबनूरहून परत बोलावून घेतलं. त्यांनी सगळे ढीग बघितले, सगळ्या बाजूंनी बसून बघितले. मी विचारलं, काय म्हणतायत?

"काय न्हाय म्हणत. सोडतोय." मला कळलं नाही हे बघून ते पुढं म्हणाले, "छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे असतात की, वैनी."

मी म्हटलं, छापून कुठं झालंय, आणि बंबात गेलेल्या पाच-सहांत काय होतं तेही त्यांना विचारा. त्यांनी विचारलं. मालकांनी म च्या ढिगात एक म टाकला.

पत्रिका अजून येतात, मी कापून देते. रोज जेवणाआधी बॅटरी घेऊन तोंड उघडायला लावते. ते उघडतात. दाढा चार उरल्यात. हिरड्या बघते, जीभ बघते, टाळूपर्यंत उजेड टाकते. तिथं काही दिसत नाही. मग चमचा उचलते.