तीन पायांचं पाखरू

देवाजी तसा शहाणा माणूस. माजरीच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपावर त्याचा उभा जन्म गेला, पण कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. फक्त तेलाची गोष्ट निघाली की शहाणपण खुंटीला टांगलेलं. टोळीचं तेल, मोहाच्या बियांचं. त्याची आई झाडीपट्टीतली. तिच्या घरी खाटेला, विळ्याला, बैलाच्या शिंगांना, पोरांच्या टाळूला, सगळ्यांना हे तेल लागायचं. घरातून निघणाऱ्याला तर हटकून. तेल लावलेलं सुखरूप परत येतं, असं म्हातारी म्हणायची. म्हातारी गेली, तेल राहिलं.

बायको कमला लवकर गेली. मागे राहिली लहानगी संघप्रिया. देवाजी तिला मोटरसायकलच्या टाकीवर पुढ्यात बसवून शाळेत सोडायचा. गाडीच्या पुढच्या काचेवर (म्हणायला काच, होती प्लॅस्टिकची) कोळशाची धूळ बसलेली असे. पोर त्या धुळीत बोटानं पाखरू काढायची. शेपटी खाली ओढता ओढता तिसरा पाय व्हायचा. गाडी चालू लागली की पाखरू जागच्या जागी आणि मागची पळसाची झाडं मागे पळत सुटायची. मग धूळ कुठली, काच कुठली, पाखरू उडतच असायचं. शाळा मागे पडली तरी आपण असंच जात राहावं, असं देवाजीला वाटायचं. कितीदा तो शाळेच्या पुढे निघून गेलाही.

आता संघप्रिया नर्स झाली होती. जंगलातल्या धानोऱ्याच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली, आणि सोमवारी ती हीच गाडी घेऊन जाणार होती. देवाजीला भीती वाटत होती. जंगलाची नाही, पोर जंगलाला पुरून उरली असती. भीती ही, की तिथे कोळसा नाही, तर पाखरू कशात काढायचं? आणि पाखरूच नसेल तर टाकीवर बसलेली ती पोर कुठे राहील? हे तो कुणाला सांगणार! म्हणून त्यानं ठरवलं, पाखरू रंगानंच काढून घ्यायचं. काचेच्या कोपऱ्यात, बोटभर.

वरोऱ्याचा शफी पेंटर त्याचा जुना दोस्त. ट्रकच्या पाठी, दुकानाच्या पाट्या, सगळं त्याच्या हातचं.

"तीन पायाचं पाखरू कुठी पाह्यलं, देवाजीभाऊ?"

"काचेवर पाह्यलं. तू काढ."

शफीनं काढलं. घरी येईस्तोवर वाऱ्यानं एक पंख नेला, संध्याकाळी उरलेलं पाखरू शेंगदाण्याच्या सालासारखं हातात आलं. शफीनं रंगाच्या कंपनीला शिव्या घातल्या आणि महागाचा डबा उघडला. तोही गेला. तिसऱ्या वेळी उरलासुरला रंग काढायला त्यानं थिनरनं काच पुसली, तर कोपरा मोतीबिंदू झाल्यासारखा पांढुरका पडला आणि पाखराचे दोनच पाय उरले. देवाजी त्या दोन पायांकडे बघत दुकानाच्या पायरीवर नुसता बसून राहिला. शफीला ते बघवेना.

"रविवारी मीच येतो तुमच्या घरी," तो म्हणाला.

रविवारी सकाळी शफी रंगाची पिशवी घेऊन माजरीत उतरला, तर अंगणात देवाजी फडक्यानं गाडीची काच चोळत होता. मन लावून, गोल गोल. शेजारी बाटली.

"हे काय करून राह्यले, भाऊ?"

"तेल लावतो. वरोऱ्याले आणायच्या आधी दरवेळी लावलं न मी. उद्या गाडी घरून निघते, मंग तेल नाई लावाव काय?"

शफीनं कपाळावर हात मारला. "तेलावर कोणता रंग बसते, बापा! मले काऊन नाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! शफी हसला, मग देवाजीचा चेहरा पाहून थांबला. दोघांनी काच सोडवून साबणाच्या कोमट पाण्यानं धुतली, पुन्हा धुतली. आतल्या बाजूनं पाखरापुरती जागा बारीक पॉलिशपेपरनं हलकेच घासली. घासलेली जागा धूळ बसल्यासारखी दिसू लागली, तेव्हा देवाजीचं बोट आपोआप पुढे गेलं. शफीनं ते वरच्यावर धरलं. मग प्लॅस्टिकला चालणाऱ्या अस्तराचा पातळ हात, वर रंगाचे पातळ हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत लिंबाखाली गप्पा.

"आता तेलाचं बोट लावाल तर दोस्ती खतम," जाताना शफी म्हणाला.

सोमवारी उजाडताच संघप्रिया गाडीवर बसली. समोर पाखरू. तिनं पाय मोजले आणि बराच वेळ बापाकडे बघितलंच नाही. देवाजी बाटली घेऊन उभा होता. सवयीनं फडकं काचेकडे गेलं आणि मध्येच थांबलं. निघणाऱ्याला तेल नाही?

संघप्रियानं हेल्मेट काढलं, टाकीवर ठेवलं आणि डोकं वाकवलं.

"मले लावा, बाबा."

"हेल्मेट तेलकट होईन."

"होऊ द्या."

देवाजीनं तळहातावर तेल ओतलं, जरुरीपेक्षा कितीतरी जास्त, आणि तिच्या टाळूवर सावकाश जिरवत राहिला.

"पुरे न, बाबा," वाकल्या मानेनंच ती म्हणाली. "येतो न मी परत."