ब्यूकचे तीन दात

दौंडच्या लोको शेडमध्ये बबनराव ओहोळांचं नाव काढा, जुना माणूस हमखास हसेल. ‘‘कोण, ब्यूकवाला?’’ म्हणेल. बत्तीस वर्षं रेल्वेची इंजिनं नीट केली बिचाऱ्यानं, आणि नाव पडलं ते एका मोटारीवरून. बरं, ती मोटार तरी ह्यांची असावी? छे! न्हावरे गावाच्या पुढं मळ्यात राहणाऱ्या बागायतदार मारुतरावांची.

पण गाडी होती मात्र गाडी! एकोणीसशे एकोणपन्नास सालची अमेरिकन ब्यूक. बॉनेटच्या दोन्ही अंगांना तीन-तीन गोल भोकं, आत एका ओळीत आठ सिलिंडर. बॉनेट डावीकडूनही उघडायचं, उजवीकडूनही. गियर स्टिअरिंगपाशी. आणि सगळ्यात न्यारी गोष्ट म्हणजे स्टार्टरला बटणच नाही. चावी फिरवायची, ॲक्सिलरेटरवर पाय द्यायचा, की त्याच पायानं गाडी सुरू. समोर क्रोमचे जाडजूड उभे दात. गाडी शिरूरच्या बाजारात शिरली की पोरं ‘‘हसली, हसली’’ म्हणून मागं पळायची.

त्र्याऐंशी साली हा पायाचा स्टार्टर रुसला. पुण्याच्या दोन मेकॅनिकनी हात टेकले. कुणीतरी सांगितलं, दौंडला रेल्वेत एक पोरगा आहे, बघा त्याला विचारून. बबनराव आले, तीन तास बॉनेटमध्ये डोकं घालून बसले, कार्बोरेटरमधली झिजलेली चकती कानशीनं नवी घडवली आणि पाय दिला. गाडी घुमली. मारुतराव खूष! तेव्हापासून बबनरावांनी आपली आठवड्याची सुट्टी त्या गाडीला वाहिली. सकाळी लूनावरून निघायचे, अंधारायच्या आत परत. ह्यांच्या जातीच्या माणसानं गाडीला हात लावायचा, घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नसे, पण होतं. बबनरावांनाही ते ठाऊक होतं. गाडीपुढं त्यांना बाकीचं काही दिसत नसे, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती. ‘‘हात दिसला की काम फसलं,’’ असं म्हणायचे. एकदा निवडणुकीच्या मिरवणुकीत ब्यूक उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि समोरचे तीन दात तुटले. अमेरिकेचे दात आणायचे कुठून? ह्यांनी शाबूत दाताचा वाळूत साचा घेतला, पितळ ओतलं, महिनाभर कानस मारली, कारेगावच्या एका प्लेटिंगवाल्याकडून मुलामा चढवून घेतला. बसवले तर नवे दात जुन्यांपेक्षा जास्त चमकायला लागले. दुसरा असता तर छाती फुगवून मिरवला असता. ह्यांनी बारीक राख घेतली आणि तीन रविवार घासघासून ते दात जुने करून टाकले. शेवटी मारुतरावांनाच ओळखू येईनात, तेव्हा कुठं ह्यांचं समाधान झालं.

घरी त्यांची बायको जाईबाई मात्र दर सुट्टीला विचारायची, ‘‘त्या गाडीनं तुमाला दिलं काय वो?’’

‘‘देईल की. नाव देईल एक दिवस.’’

‘‘देईल तवा देईल. पोरीच्या वह्या आणायच्या हायेत त्या आदी आणा.’’

दोन हजार एकची गोष्ट. मारुतरावांच्या मुलीचं लग्न होतं. नवरी त्याच गाडीतून निघायची, आणि सकाळीच गाडी बंद पडलेली. त्याच सकाळी दौंडहून मळ्यातल्या बंगल्यावर फोन आला, जाईबाईच्या छातीत दुखतंय, लगेच या. बबनराव गाडीखाली होते. त्यांनी निरोप ऐकला. ऐकू आला नाही असं त्यांनी नंतरही कधी म्हटलं नाही. ‘‘येवढा पंप बसवतो आन् निघतोच,’’ म्हणाले. पंप बसायला दोन तास लागले. इकडं नववीतल्या लेकीनं, मायानं, एकटीनं आईला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. बाप पोचला तेव्हा जाईबाई उरली नव्हती.

मायानं त्या दिवसापासून बापाला जेवायला वाढलं, कपडे धुतले, औषधं आणली. नर्स झाली, संसाराला लागली, तरी दर आठवड्याला येऊन जायची. पण ‘ब्यूक’ हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. बबनरावांनाही माफी कशी मागायची ते कळलं नाही. आपली चूक केवढी आहे हे माहीत असलेल्या माणसाची जीभ उचलत नाही, तसंच त्यांचं झालं. एकच वेडी आशा धरून बसले. गाडीबरोबर आपलं नाव लागलं, चार माणसांनी म्हटलं की हा माणूस होता म्हणून ही गाडी आहे, तर पोरीला वाटेल की बाप नुसताच वाया गेला नाही.

मारुतराव गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, माऊलीनं, ब्यूक पुण्याच्या एका शेठला विकली. बबनरावांना म्हणाला, ‘‘आबा, काळजी करू नका. तुमी केलेलं समदं काम शेठला सांगितलंय. तुमचं नाव गाडीपुढच्या बोर्डावर येणार.’’

ह्या जानेवारीत शेडमधल्या सतीशनं मोबाइलवर फोटो दाखवला. जुन्या गाड्यांची रॅली निघणार होती, आणि सकाळच्या चहाला वरवंडजवळ हायवेच्या हॉटेलात थांबणार होती. फोटोत ब्यूक होती. बबनरावांनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला. मायाला फोन लावून म्हणाले, ‘‘रविवारी चलतीस का माझ्यासंगं? एकदाच.’’

 ती म्हणाली, ‘‘येते.’’

हॉटेलच्या आवारात वीसेक गाड्या रांगेनं उभ्या होत्या. ब्यूक मधोमध. काय दिसत होती म्हणून सांगू! बबनराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, पण जवळ जायचा धीर होईना. मायाच पुढं झाली. गाडीपाशी बोर्ड होता. ती मोठ्यानं वाचायला लागली.

‘‘ब्यूक सुपर, एकोणीसशे एकोणपन्नास. सत्तर वर्षं एकाच घराण्यात. संपूर्ण मूळ अवस्था. इंजिन कधीही उघडलेलं नाही. गाडीला आजवर एकाही मेकॅनिकचा हात लागलेला नाही.’’

शेवटचं वाक्य तिनं मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मग खालीवर बघितलं, बोर्डाच्या मागच्या बाजूलाही बघितलं. नाव कुठंच नव्हतं.

माऊलीनं काय केलं ते बबनरावांच्या लगेच ध्यानात आलं. गाडी जितकी अस्सल तितका तिला भाव. आणि खोटं पचलं कशामुळं? ह्यांच्याच राखेमुळं!

तेवढ्यात रॅलीतल्या गाड्यांना गुण देणारे परीक्षक आले. पिकल्या केसांचे, गळ्यात भिंग. शेठ शेजारी हात बांधून उभे. परीक्षक गाडीपुढं उकिडवे बसले, एकेका दातावरून बोट फिरवत नेलं आणि नेमके त्या तीन दातांवर थांबले. 

‘‘वा,’’ परीक्षक म्हणाले. ‘‘हे बघा कंपनीचं काम. असा हात आता जगात राहिला नाही.’’

मायानं बापाचं कोपर धरलं. ‘‘सांगा, बाबा. सांगा ना त्यांना.’’

 एक वाक्य पुरलं असतं. त्या दातांच्या पाठीमागं कानशीचे वळ होते, आरसा घातला असता तर कुणालाही दिसले असते. पण एवढं बोललं की बोर्ड खोटा, शेठ खोटा, आणि गाडी रांगेतून बाहेर.

परीक्षकांनी वर पाहिलं. ‘‘काय आजोबा? ओळखता का ही गाडी? तुम्ही ह्या गाडीच्या घरचे?’’

‘‘न्हाई न्हाई,’’ बबनराव म्हणाले. ‘‘आमी नुसतं बघायला आलोय.’’

मायाचा हात कोपरावरून सुटला.

हायवेच्या कडेला एसटीची वाट बघत दोघं उभे राहिले. दोन गाड्या गच्च भरून न थांबता गेल्या. बबनरावांना सांगायचं होतं, की जाईच्या बदल्यात जे काम मी केलं, ते तरी मोडायला नको. पण तोंडातून आलं ते भलतंच.

‘‘माजा हात लागलाय म्हनलं असतं, तर तिची किंमत उतरली असती, पोरी.’’

मायानं बापाकडं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच फार लागलं.

‘‘आपला हात लागला की वस्तूची किंमत उतरते, हे आपल्याला आजवर दुसरे सांगायचे, बाबा. आज तुम्ही सांगितलंत.’’

एसटी आली. मायानं त्यांना आधी चढवलं, खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः दोन रांगा सोडून मागं जाऊन बसली. बबनराव दौंड येईपर्यंत रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘‘काय झालं वो, मामा?’’